दारात सही होते, काउंटरवरचं काम कुठंच लिहिलं जात नाही
महाविद्यालयीन ग्रंथालयांचा आकडा नेमका कशाचा? उमरीसारख्या तालुक्यासाठी मोजणीची पद्धत का बदलायला हवी

उमरी : महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिरताना दारातच एक लांबलचक रजिस्टर असतं. नाव, वर्ग, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. घाईतला पोरगा वरच्या ओळीतली वेळच खाली उतरवतो. चार मैत्रिणी सोबत आल्या की एकीच्याच अक्षरात चौघींची नावं पडतात. जाताना सही करायची बहुतेकांची राहूनच जाते. महिनाअखेरीला या ओळी मोजल्या जातात, तो आकडा अहवालात चढतो आणि अहवालातून नॅकच्या फाईलमध्ये जातो.

रजिस्टरपासून चार पावलांवर काउंटर असतं. खरं काम तिथं चालतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचे मागचे पेपर आहेत का? महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, त्यात काय चुकलं? पोलीस भरतीचं गणिताचं पुस्तक कोणी नेलंय, कधी परत येईल? मराठवाडा मुक्तिसंग्रामावर प्रकल्प करायचाय, सुरुवात कुठून करू? यातल्या पहिल्या प्रश्नाला अर्धा मिनिट लागतं, शेवटच्याला अर्धा तास. या चारही प्रश्नांची कागदावर नोंद काय? काहीच नाही. पुस्तक दिलं-घेतलं तर ते खात्यावर पडतं. बाकीचं सगळं हवेत जातं.

वरवर पाहता ही ग्रंथपालाची अडचण वाटेल. पण गावाकडच्या घराला त्याचा थेट संबंध आहे. ग्रंथालय किती वाजता उघडतं, जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद राहतं का, परीक्षेच्या महिन्यात एक माणूस जास्त मिळतो का, पुढच्या वर्षी कोणत्या पुस्तकांवर पैसे खर्च होतात, हे सगळं कुठल्यातरी आकड्यावर ठरतं. निदान ठरायला तरी पाहिजे. आकडा जर फक्त दारातल्या सह्यांचा असेल, तर ठरवणाऱ्याला काउंटर दिसतच नाही.

एकच आकडा, तोही टक्क्यांत

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजेच नॅक, १९९४ मध्ये स्थापन झाली. तिचं मुख्यालय बेंगळुरूला. योगायोग असा की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षी सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. नॅकची पायरी त्या सगळ्यांनाच चढावी लागते.

नॅकच्या निकषांत चौथा निकष पायाभूत सुविधांचा. त्याच्या दुसऱ्या भागात ग्रंथालय येतं. संगणकीकरण झालंय का, ऑनलाइन नियतकालिकांची वर्गणी भरली का, पुस्तकांवर वर्षाला किती खर्च झाला, आणि रोज किती टक्के विद्यार्थी-शिक्षक ग्रंथालय वापरतात. अनेक वर्षं महाविद्यालयांनी याच प्रश्नांची उत्तरं तयार केली. पुढे निकषांच्या मांडणीत फेरफार झाले. २०२४ मध्ये तर नॅकनं श्रेण्यांऐवजी ‘मान्यता आहे’ किंवा ‘नाही’ अशी पद्धत आणण्याचं जाहीर केलं. पण या सगळ्या वर्षांत महाविद्यालयांना जी सवय लागली ती दारातल्या सह्या मोजण्याचीच.

हिशेब साधा आहे. समजा एखाद्या महाविद्यालयात ८०० विद्यार्थी आणि ४० शिक्षक आहेत. रोज सरासरी ६० जण ग्रंथालयात येतात. ६० भागिले ८४०, म्हणजे सात टक्क्यांच्या थोडं वर. झालं, ग्रंथालयाचं वर्षभराचं काम एका आकड्यात बसलं.

आता त्या ६० जणांत कोण होतं? दहा जण पंख्याखाली बसायला आले असतील. उन्हाळ्यात उमरीत ते काही पाप नाही. वीस जण पेपर वाचायला, पंधरा जण पुस्तक बदलायला. उरलेल्यांपैकी एखादीनं ग्रंथपालासोबत पाऊण तास बसून शिष्यवृत्तीचा अर्ज दुरुस्त केला असेल आणि त्यामुळे तिचं वर्ष वाचलं असेल. सात टक्क्यांत पंखाही एक आणि वाचलेलं वर्षही एकच.

याच्या उलटही घडतं. ज्यांना कामासाठी ग्रंथालयाची सगळ्यात जास्त गरज असते, त्यातले बरेच जण या हिशेबात बसतच नाहीत. दोन वर्षांपूर्वी बीए झालेला, तलाठी भरतीची किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा गावातल्या घरी अभ्यास होत नाही म्हणून अभ्यासिकेत येऊन बसतो. त्याला बसू देतात, कधी पुस्तकही देतात. पण तो आता पटावर नाही. टक्केवारी काढताना खाली ८४० घेतले, त्यात तो नाही. म्हणून वरच्या ६० मध्येही त्याला धरता येत नाही. जो रोज येतो तोच मोजणीत नाही, असा हा प्रकार.

नांदेडला हे नवीन नाही

आकडा अनुदानाला किंवा श्रेणीला बांधला की तो फुगतो. हे नांदेड जिल्ह्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांच्या काळात या जिल्ह्यात शाळांची पटपडताळणी झाली. हजेरीपटावर असलेली आणि वर्गात नसलेली पोरं उघडी पडली. पुढे तोच प्रयोग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर झाला. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली, मतदानासारखी.

त्यानंतर मे २०१२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांची पाळी आली. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली ही ग्रंथालयं. १९७० च्या नियमांनुसार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. महसूल यंत्रणेनं गावोगाव जाऊन पाहिलं तेव्हा कागदावर ग्रंथालय आणि जागेवर कुलूप अशी उदाहरणं निघाली. काही ठिकाणी वाचक होते ते रजिस्टरमध्येच. त्यानंतर नवीन ग्रंथालयांना मान्यता देणंच लांबलं, आणि ज्या गावांत खरोखर वाचनालय चालवायची इच्छा होती त्यांनाही त्याचा भुर्दंड पडला.

महाविद्यालयांची ग्रंथालयं खोटी आहेत असा याचा अर्थ नाही. ती बहुतेक खरीच आहेत आणि तिथला माणूस दमतोही. मुद्दा वेगळा आहे. एकच आकडा मागितला आणि त्यावर गुण ठेवले, की लोक त्या आकड्याचीच काळजी घेतात. नॅकची समिती यायच्या आधीच्या महिन्यात ग्रंथालयात अचानक गर्दी वाढते. ‘सगळ्यांनी जाऊन सही करा’ असं वर्गात सांगितलं जातं. विद्यार्थ्यांना हे चांगलंच माहीत असतं. हसत हसत सही करतात आणि निघून जातात.

खरं तर हिशेब चोख ठेवण्याची उमरीला नवलाई नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, लढ्यासाठी. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला, ही गोष्ट या भागात आजही अभिमानानं सांगितली जाते. तो हिशेब मागायला कुठली समिती येणार नव्हती. लढ्याचा पैसा कुठे गेला हे आपल्याच माणसांना कळायला पाहिजे, म्हणून तो ठेवला.

बाहेर काय करतात

काउंटरवरच्या कामाची नोंद हा जगभरातल्या ग्रंथालयांचा जुना प्रश्न आहे. सुरुवातीची पद्धत आपल्याकडच्या धान्याच्या पोत्यांसारखीच होती. प्रश्न आला की कागदावर एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. संध्याकाळी जुड्या मोजायच्या. नंतर दोन रकाने झाले. ‘शौचालय कुठंय’, ‘झेरॉक्स कुठं मिळेल’ असले रस्ता दाखवणारे प्रश्न एकीकडे आणि खऱ्या माहितीचे प्रश्न दुसरीकडे.

तरी घोळ राहिलाच. पाच मिनिटांच्या प्रश्नाला एक रेघ आणि दोन तासांच्या प्रश्नालाही एकच रेघ. इंटरनेट आल्यावर तर सोपे प्रश्न लोक मोबाईलवरच सोडवू लागले. काउंटरवर यायचे ते अवघडच. रेघा कमी झाल्या, काम वाढलं. वरिष्ठांनी रेघा पाहिल्या आणि विचारलं, इतकी माणसं हवीत कशाला?

यावर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात बेला कार गर्लिक या ग्रंथपाल बाईंनी साधारण वीस वर्षांपूर्वी एक मोजपट्टी बसवली. एक ते सहा अशा पायऱ्या. जागेवर बसून, काही न उघडता उत्तर देता आलं तर एक. दोन-तीन ठिकाणी शोधावं लागलं तर मधली पायरी. दिवसच्या दिवस खपून संशोधनाला मदत केली तर सहा. किती प्रश्न आले यापेक्षा उत्तर द्यायला किती कस लागला, हे त्यातून दिसतं. पुढे बऱ्याच ग्रंथालयांनी ही पट्टी घेतली, आणि त्यातल्या शहाण्यांनी ती आपल्या मापाने कापून घेतली. कुणाला सहा पायऱ्या जास्त वाटल्या, कुणाला आपल्या इथल्या संगणकाच्या तक्रारींसाठी वेगळा रकाना हवा होता.

शिंप्याकडे सगळ्यांच्या अंगाला एकच सदरा बसत नाही, तसंच हे. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयाचा नमुना फॉर्म उमरीत आणून भरायला दिला, तर त्यातले अर्धे रकाने रिकामे राहतील, आणि उमरीत रोज घडतं ते लिहायला जागाच नसेल.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आपल्याकडे दरवर्षी १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला ग्रंथपाल दिन होतो, हार घातला जातो. वाचकाचा वेळ वाचला की गेला, हे मात्र आपल्या एकाही रजिस्टरमध्ये सापडत नाही.

उमरीच्या मापाचा फॉर्म कसा असेल

पहिला प्रश्न, मोजायचं कशासाठी? हे न ठरवता रकाने आखले तर महिनाभरात वही कपाटात जाते. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला साधारण तीन गोष्टी ठरवायच्या असतात. काउंटर किती ते किती उघडं ठेवायचं. तिथं एक माणूस पुरतो की दोन लागतात. आणि कोणती पुस्तकं, कोणती मदत कमी पडतेय. या तीनपैकी एकाच्याही कामी न येणारी माहिती गोळा करायचीच नाही. जात, गाव, मोबाईल नंबर, आधार यातलं काहीही काउंटरच्या वहीत येण्याचं कारण नाही.

वेळेचं आधी पाहू. खेड्यातून उमरीला येणारी पोरं एसटीवर, काळीपिवळीवर नाहीतर रेल्वेवर अवलंबून असतात. तास संपले की गाडीला अर्धा-पाऊण तास असतो आणि नेमकी हीच ग्रंथालयाची वेळ. त्यात काउंटर जेवणाला बंद असेल तर त्या मुलीला दुसरा दिवस उजाडावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी उशिरा येते. दिवसाची बेरीज सांगते, आज ६० आले. पण ६० पैकी ४० एकाच तासात आले, ही गोष्ट बेरजेत बुडून जाते. म्हणून फॉर्म तासाप्रमाणे असायला पाहिजे. दहा ते अकरा, अकरा ते बारा, असा. एवढ्या एका बदलानं जेवणाची सुट्टी कधी ठेवायची हा वाद कागदावर मिटू शकतो.

मग प्रश्नांचे प्रकार. सहा पायऱ्या इथं नकोत. चार पुरे. पुस्तक, पेपर किंवा अंक मागितला. ऑनलाइन काम, म्हणजे शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, पासवर्ड. स्पर्धा परीक्षेची चौकशी. आणि बसून समजावून सांगावं लागलं असं काम, म्हणजे प्रकल्प, संदर्भ शोधणं. यातला दुसरा प्रकार मोठ्या शहरातल्या ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी मात्र तोच काउंटरचा अर्धा दिवस खातो. ते ग्रंथालयाचं काम आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण रोज तासन्‌तास जाणारं काम मोजलंच नाही तर वाद तरी कशावर घालणार?

पासवर्डचंच घ्या. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून छोट्या महाविद्यालयांनाही हजारो ई-नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं मिळतात. त्यासाठी प्रत्येकाचं वेगळं खातं लागतं. खातं काढून दिलं जातं, पोरगा दोनदा उघडतो, पासवर्ड विसरतो आणि परत काउंटरवर येतो. अहवालात लिहिलं जातं, एन-लिस्टची वर्गणी भरली. किती जणांना ते उघडायला शिकवलं, हे मात्र लिहिलं जात नाही. केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिकं. ती केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे. हे सगळं मोबाईलवर दिसेल हे खरं, पण कसं शोधायचं हे पहिल्यांदा दाखवणारा माणूस काउंटरवरच बसलेला असतो.

सगळ्यात कामाचा रकाना पाचवा, आणि तो कोणालाच आवडणार नाही. ‘नाही’ म्हणावं लागलं. पुस्तक नाही, आहे पण दुसऱ्यानं नेलंय, लाईट गेली, नेट बंद, माणूस नव्हता. दुकानदार असली नोंद डोक्यात ठेवतोच. कोणतं बियाणं लोकांनी मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, हे त्याला पेरणीच्या वेळी बरोबर आठवतं, कारण त्याचं गिऱ्हाईक तुटलेलं असतं. ग्रंथालयातून रिकाम्या हातानं गेलेला पोरगा परत येत नाही आणि त्याचा पत्ताही लागत नाही. महिनाभर ‘नाही’ची नोंद ठेवली तर पुढच्या खरेदीची यादी आपोआप तयार होते. विक्रेत्यानं पाठवलेल्या यादीवर खुणा करण्यापेक्षा हे बरं.

रेघा मारायच्या कोणी?

इथं खरी अडचण येते. अनेक ग्रंथालयांत काउंटरवर एकच माणूस असतो. शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली, परिचर निवृत्त झाला की जागा तशीच. समोर पंधरा पोरं उभी असताना तो पुस्तकं देईल की रेघा मारील? साहजिकच तो रेघा सोडून देईल. म्हणजे सगळ्यात जास्त गर्दीच्या तासाची नोंद सगळ्यात कमी होणार, आणि निवांत दुपारची अगदी नीट. असा कागद पाहून एखादा म्हणेल, गर्दी काहीच नाही. मोजणी न करण्यापेक्षा हे वाईट.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वर्षभर मोजायचंच नाही. अमेरिकेतली बरीच विद्यापीठ ग्रंथालयंही ठराविक आठवडे निवडतात आणि तेवढेच नीट मोजतात. आपल्याकडे आठवडे निवडताना शेताचं वेळापत्रक बघावं लागेल. सोयाबीन काढणीच्या दिवसांत उमरी तालुक्यातली निम्मी लेकरं रानात असतात. तो आठवडा घेतला तर ग्रंथालय ओस दिसेल. फक्त परीक्षेच्या आधीचा घेतला तर जत्रा दिसेल. म्हणून प्रवेशाच्या दिवसांतला एक, काढणीतला एक, हिवाळी परीक्षेच्या आधीचा एक, शिष्यवृत्ती अर्जांच्या घाईतला एक आणि उन्हाळी परीक्षेच्या आधीचा एक, असे पाच आठवडे तरी घ्यावेत. ते वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावेत. समिती येणार म्हणून मध्येच आठवडा बदलायचा नाही. त्या पाच आठवड्यांत कमवा व शिका योजनेतला एखादा विद्यार्थी शेजारी बसवून नोंद करून घेता येईल. असा विद्यार्थी अनेक ठिकाणी ग्रंथालयात कामाला असतोच.

दुसरा उपाय फार साधा आहे. पाच डबे आणि ओंजळभर चिंचोके. प्रश्न आला की त्या प्रकारच्या डब्यात चिंचोका टाकायचा, तासाला डबे मोजून लिहायचे. पेन शोधावा लागत नाही, मान खाली घालून लिहावं लागत नाही. पुढे संगणकावर एक साधा फॉर्म करून क्लिक करता येईल. कोहा, सोल किंवा ई-ग्रंथालय ही सॉफ्टवेअरं बऱ्याच महाविद्यालयांत आहेत. पण पुस्तकांची देवघेव त्यांत आपोआप पडते तशी तोंडी विचारलेल्या प्रश्नांची पडत नाही. ते कोणीतरी टाकावंच लागतं. चिंचोक्यांना लाईट लागत नाही, हा उन्हाळ्यातला मोठा फायदा.

आणखी काही बारीक भानगडी आहेत, त्या आधीच ठरवून घेतलेल्या बऱ्या. एकाच पोरानं तीन प्रश्न विचारले तर चिंचोके तीन, कारण मोजायचं काम आहे, माणूस नाही. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर विचारलं तरी एक चिंचोका. ग्रंथपालाला सुट्टीच्या दिवशी घरी येणारे ‘सर, पेपरची पीडीएफ पाठवा’ हे मेसेजही त्यात आले पाहिजेत, नाहीतर अर्धं काम कायमचं अदृश्य राहील. माजी विद्यार्थ्यांसाठी चिंचोक्याऐवजी दुसरी खूण, समजा सोयाबीनचा दाणा. प्रवेशित किती आणि बाहेरचे किती हे लगेच वेगळं निघतं. पंधरा मिनिटांच्या वर वेळ लागला तर त्याच डब्यात दोन खुणा, एवढा एक नियम ठेवला की कसही थोडाफार मोजला जातो.

दोन माणसं आलटून पालटून काउंटरवर बसत असतील तर दोघांनी पहिल्या दिवशी एकत्र बसून मोजावं. एकाला जे ‘पुस्तक मागितलं’ वाटतं ते दुसऱ्याला ‘बसून समजावलं’ वाटतं. हा फरक पहिल्या दिवशी मिटवला नाही तर महिन्याच्या शेवटी आकडे ग्रंथालयाचे नसतात, त्या दोन माणसांच्या स्वभावाचे असतात.

नोंद कोणाकडे जाणार

ही माहिती गोळा करून कपाटात ठेवली तर चिंचोके आमटीत घातलेले बरे. ती दोन ठिकाणी जायला हवी. ग्रंथालय सल्लागार समिती, जी बहुतेक महाविद्यालयांत कागदावर तरी असते. आणि महाविद्यालय विकास समिती, जी २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं आणली. तिथं ‘एक परिचर द्या’ एवढंच म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं. ‘दुपारी एक ते दोन या तासात एका माणसापुढे इतके प्रश्न येतात, त्यातल्या इतक्यांना नाही म्हणावं लागतं’ असा तक्ता ठेवला तर निदान कोणीतरी तो वाचून दाखवावा लागतो. पद भरणं महाविद्यालयाच्या हातात नसेल, पण काउंटरची वेळ बदलणं शंभर टक्के हातात आहे. त्याला शासनाचा जीआर लागत नाही.

एक धोकाही आहे. हा तक्ता उद्या नॅकनं किंवा विद्यापीठानं गुणांसाठी मागितला तर पहिल्याच वर्षी चिंचोके वाढतील. डब्यात चिंचोका टाकणं रजिस्टरमध्ये खोटी सही करण्यापेक्षाही सोपं आहे. म्हणून ही मोजणी महाविद्यालयानं स्वतःसाठी ठेवलेली बरी. वर पाठवायचे आकडे वेगळे, आणि काउंटर सुधारायला वापरायचे वेगळे.

विद्यार्थ्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांभाळायला हवी. काउंटरवर मुलं काय काय विचारतात याला मर्यादा नाही. आजाराबद्दल, घरच्या कर्जाबद्दल, जातीच्या दाखल्याबद्दल, एखादी मुलगी कायद्याच्या मदतीबद्दलही विचारते. कोणी काय विचारलं हे नावानिशी लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी ती विचारणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण तालुक्याच्या गावात कायद्याच्याही आधी ओळखीपाळखीचा धाक असतो. डब्यातल्या चिंचोक्यावर नाव नसतं, हा त्याचा मोठा गुण.

सध्या तर प्रवेशाच्या वेळी पालक फी विचारतात, शिष्यवृत्ती विचारतात, वसतिगृह विचारतात. ग्रंथालय किती वाजता उघडतं, दुपारी बंद असतं का, परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालू राहतं, हे फारसं कोणी विचारत नाही. अनुदानित महाविद्यालयं माहिती अधिकाराखाली येतात, पण त्यासाठी दहा रुपयांचा अर्ज करायची वेळ यायला नको. ग्रंथालयाच्या दारावर तासाप्रमाणे गर्दीचा एक साधा तक्ता लावला, तर शेवटची गाडी पकडायची असलेल्या पोरीला कधी यायचं हे कळेल. भरतीची तयारी करणाऱ्या, पटावर नसलेल्या त्या पोरालाही अभ्यासिकेत जागा कधी मोकळी असते हे कळेल. तो बहुधा सकाळी दार उघडायच्या आधीच येऊन उभा असतो.